गुणपत्रिकेच्या आधी हजेरीपत्रक वाचा : मुख्याध्यापक आणि शाळा समित्यांना खुले पत्र

मा. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

सहामाहीचा निकाल लागला की घसरलेल्या मुलांची यादी बैठकीत येते आणि बहुतेक ठिकाणी तेच तीन निर्णय होतात : जादा तास लावा, पालकांना बोलवा, खेळातून नाव काढा. ज्याला धडाच समजलेला नाही त्याला जादा तासाचा उपयोग होतो. पण त्या यादीत चिंता, नैराश्य किंवा अपुऱ्या झोपेमुळे घसरलेली मुलेही असतात आणि त्यांच्यावर हे तिन्ही निर्णय उलटे पडतात. आम्ही शाळांमध्ये काम करणारे समुपदेशक आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की गुणपत्रिका सगळ्यांत उशिरा बोलते. तिच्याआधी कित्येक आठवडे हजेरीपत्रक, उशिराची नोंदवही आणि आजारी मुलांच्या खोलीतली वही बोलत असते. या वह्या रोज भरल्या जातात. एकत्र ठेवून त्या वाचायचे काम मात्र कोणाकडेच नसते.

प्रश्न किती मुलांचा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयातल्या दर सात जणांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. ४० मुलांच्या वर्गात सरासरीने पाच-सहा. आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षाच्या आत होते. म्हणजे यातला बराच भाग शाळेच्या बाकावरच सुरू होतो.

चिंतेमुळे गुण कसे जातात, ते एका उदाहरणात पाहा. ३क्ष + ७ = ५(क्ष − ३). हे सोडवताना कंस उघडणे, चिन्ह सांभाळणे आणि पुढची पायरी या गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात. तात्पुरते धरून ठेवायची ही जागा सगळ्यांचीच लहान असते. तीन-चार गोष्टी मावल्या की ती भरते. ‘वेळ संपत आलाय’, ‘बाजूच्याने पान उलटलं’, ‘या वेळीही गेलं तर घरी काय सांगू’ हे विचार त्याच जागेत घुसतात. मग मूल ५ ने फक्त क्ष ला गुणते, ३ तसाच राहतो आणि उत्तर ११ ऐवजी ५ येते. ५ हे पूर्ण, नीटनेटके उत्तर असल्याने मुलाला शंकाही येत नाही. तपासणारा शेरा मारतो, ‘सराव कमी’. तेच मूल घरी तेच गणित बिनचूक सोडवते, म्हणून पालकांना वाटते की ते परीक्षेत हलगर्जीपणा करते. अशा वेळी सरावाची वीस गणिते आणखी दिली, तर सराव वाढतो आणि धास्तीही वाढते.

उत्तरपत्रिकेवर बाकीच्याही खुणा दिसतात. त्यांवरून निदान करू नये, पण चौकशी जरूर सुरू करावी. धास्तावलेले मूल बहुतेक प्रश्नांना हात घालते, खोडते, पुन्हा लिहिते आणि शेवटचे पान कोरे राहते. नैराश्यात असलेल्या मुलाचे अक्षर पानागणिक बारीक होत जाते. एका वाक्यातले प्रश्न सुटतात, निबंध आणि दीर्घोत्तरी प्रश्न मोकळे राहतात, कारण कुठून सुरुवात करायची हे ठरवणेच त्याला जड जाते. लक्ष टिकवण्याची अडचण असलेल्या मुलाचा ‘अ’ उपप्रश्न उत्तम असतो आणि ‘ब’ वाचलेलाच नसतो. असे मूल शांत असेल, खिडकीबाहेर बघत बसणारे असेल, तर वर्षानुवर्षे निसटते, आणि मुलींमध्ये हे फार होते. सगळ्यांवर शिक्का एकच बसतो : आळशी.

नैराश्याबद्दल दोन गोष्टी शिक्षकांना सांगितल्याच पाहिजेत. पहिली ही, की या वयात नैराश्य रडक्या चेहऱ्याने येईलच असे नाही. पुष्कळदा ते चिडचिडीच्या रूपात येते. उलट उत्तर देणारा, वही आपटणारा मुलगा शिस्तीच्या खात्यात जमा होतो आणि त्याच्याशी बोलायचे राहून जाते. दुसरी गोष्ट उपचार सुरू झाल्यानंतरची. मन आधी सुधारते. एकाग्रता, वाचनाचा वेग आणि आठवण्याची क्षमता पुष्कळदा मागाहून येते. मूल हसायला लागले की शाळा सगळ्या सवलती काढून घेते आणि पुढच्या चाचणीत ते पुन्हा कोसळते. बरे वाटू लागल्यावरही सवलती निदान एक पूर्ण सत्र चालू ठेवा.

झोपेबद्दल थोडक्यात. १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच दोनेक तासांपर्यंत पुढे सरकते, म्हणून रात्री दहाला झोप न येणे हा मोबाइलचाच दोष असतो असे नाही (मोबाइल त्यात भर घालतो, हे खरे). अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली शिफारस केली, की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. शाळेची वेळ बदलणे तुमच्या हातात नसेलही. पण शाळेआधी सात वाजता लावलेला जादा तास हातात आहे. तो मुलाच्या झोपेचा शेवटचा तुकडा कापतो आणि आदल्या दिवशी शिकलेले पक्के करण्याचे काम झोपच करत असते. ज्याच्यासाठी तास लावला, त्याचेच त्यात नुकसान.

आता गैरहजेरी. हा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे शाळा सर्वांत जास्त करू शकते. शाळेच्या एकूण दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस मूल गैरहजर असेल, तर ती दीर्घकालीन गैरहजेरी धरतात. २०० दिवसांचे वर्ष असेल तर २० दिवस, म्हणजे महिन्याला दोनच. महिन्याला दोन दिवस कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, आणि दर वेळी चिठ्ठी असेल तर मुळीच नाहीत. म्हणून दिवस मोजायचेच, शिवाय ते कसे पडतात तेही पाहायचे. सोमवारी किंवा सुट्टीनंतरच्या दिवशी पोट दुखते का? ठरावीक विषयाच्या तासाआधी डोके दुखते का? घरी राहिल्यावर अकरापर्यंत दुखणे ओसरते का? हे पोटदुखीचे नाटक नसते. भीतीने पोट खरेच दुखते, आणि ‘काही होत नाही, चल’ म्हटल्याने मुलाला एवढेच कळते की आपले कोणी ऐकत नाही. तरीही आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तक्षय, थायरॉइड, डोळ्यांचा नंबर, ऐकू कमी येणे यांनीही मूल थकलेले आणि हरवलेले दिसते, आणि त्यांवर उपाय आहेत.

घरी राहण्यात अडचण अशी, की त्याचा गुण लगेच येतो. ‘आज नको जाऊ’ हे शब्द ऐकताच छातीतली धडधड थांबते. त्या सुटकेतून मेंदू शिकतो की शाळा टाळली की बरे वाटते. दुसऱ्या दिवशी फाटक आणखी लांब वाटते. त्यात बुडालेला अभ्यास, ‘इतके दिवस कुठे होतास’ हे प्रश्न आणि अपूर्ण वह्या यांची भर पडते. दोन आठवड्यांनी मूळ कारण बाजूला राहते आणि गैरहजेरी हेच गैरहजेरीचे कारण होऊन बसते. म्हणून तिसऱ्या दिवशी फोन गेलाच पाहिजे, आणि तो वर्गशिक्षकाचा असावा, कार्यालयाचा नको. फोनवर खुलासा मागू नये. ‘उद्या दुसऱ्या तासाला आलास तरी चालेल, मी दाराशी असेन’ असे काहीतरी निश्चित सांगावे.

तीन आठवडे किंवा अधिक खंड पडलेल्या मुलाला एकदम पूर्ण दिवस बसवू नये. आम्ही साधारण असा क्रम ठेवतो. पहिला आठवडा : रोज दोनच तास, तेही मुलाला सोप्या वाटणाऱ्या विषयांचे, आणि फाटकावरची गर्दी ओसरल्यावर पंधरा मिनिटांनी प्रवेश. दुसरा आठवडा : मधल्या सुट्टीपर्यंत. सुट्टी घालवायला ग्रंथालय किंवा एखादी शांत खोली, कारण पुष्कळ मुलांना तासापेक्षा सुट्टीचीच धास्ती असते. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक दिवस, चौथ्यात पूर्ण. पायरी अडली तर तिथेच दोन-तीन दिवस थांबावे. मागे सरकू नये आणि घाईने पुढेही ढकलू नये. मुलाला एक ‘बाहेर पडण्याची’ खूण ठरवून द्यावी, बाकावर ठेवलेले एखादे कार्ड पुरते. ते उचलून मूल दहा मिनिटे ठरलेल्या खोलीत जाईल आणि परत वर्गात येईल; घरी जाणार नाही. सोय हाताशी आहे हे कळले की ती फारशी वापरली जात नाही.

हे सगळे ज्या एका गोष्टीमुळे फसते ती म्हणजे वह्या. चौथ्या दिवशी एखादे शिक्षक म्हणतात, ‘आधी मागच्या वह्या पूर्ण कर.’ सहा विषयांचा तीन आठवड्यांचा लेखी अभ्यास बघूनच मूल पुन्हा घरी बसते. खंडातला लेखी अभ्यास माफ करा. प्रत्येक विषयशिक्षकाने पुढच्या धड्यासाठी जे आल्याशिवाय चालणारच नाही तेवढेच, एका पानात मावेल इतके लिहून द्यावे. हा निर्णय मुख्याध्यापकांच्या सहीने निघावा, कारण वर्गशिक्षक सहकाऱ्याला ते सांगायला कचरतात.

आता हजेरीपत्रक, उशिराची नोंदवही आणि आजारी खोलीतली वही एकत्र वाचायच्या कशा? आठवड्यातून एकदा, ठरलेल्या तासाला, तीस मिनिटांची बैठक. उपमुख्याध्यापक, समुपदेशक आणि त्या इयत्तेचे वर्गशिक्षक. समोर एकच तक्ता : गैरहजेरी, उशीर, आजारी खोलीच्या फेऱ्या, न दिलेला गृहपाठ. आम्ही सुचवतो त्या मर्यादा अशा : महिन्यात दोन दिवस गैरहजर, आठवड्यात तीनदा उशीर, दोन आठवड्यांत तीनदा आजारी खोलीत, किंवा दोन विषयांत आधीपेक्षा १० गुणांची घसरण. यांतली कोणतीही दोन लक्षणे असलेल्या मुलाचे नाव तक्त्यावर येते. घसरण मुलाच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशी ताडायची, उत्तीर्णतेच्या रेषेशी ताडायची नाही. ९० वरून ७८ वर आलेली मुलगी उत्तीर्णच असते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही; आमच्या मते तिची घसरण ४० वरून ३६ वर आलेल्या मुलापेक्षा अधिक बोलकी असते. एका बैठकीत आठ-दहापेक्षा जास्त नावे घेऊ नका. प्रत्येक नावापुढे एका माणसाचे नाव, एक कृती आणि तारीख लिहा. ‘लक्ष ठेवणे’ ही कृती नव्हे.

पहिले संभाषण वर्गशिक्षकाने करावे. पाच मिनिटे, बाजूला, कोणासमोर नाही. ‘काय झालंय तुला?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येते. जे दिसले ते सांगावे : ‘गेल्या तीन सोमवारी तू नव्हतीस आणि विज्ञानाची वही दिली नाहीस. अभ्यास, घर, मैत्रिणी, तब्येत, कशात अडतंय?’ मग गप्प बसावे. ही शांतता शिक्षकांना फार लांब वाटते, थांबा. काय केले म्हणजे उद्याचा दिवस सोपा जाईल, एवढेच शेवटी विचारावे. उपदेश करू नये आणि ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगावे : तू सांगशील ते आपल्यातच राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन.

जीव देण्याच्या विचारांबद्दल सरळ विचारायला शिक्षक घाबरतात. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. ‘कधी जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?’ असे साध्या आवाजात विचारावे. उत्तर हो असेल तर चार गोष्टी त्याच दिवशी व्हायला हव्यात. मुलाला एकटे सोडायचे नाही. समुपदेशक किंवा मुख्याध्यापकांना लगेच सांगायचे. पालकांना प्रत्यक्ष बोलावून घरातली औषधे आणि इतर घातक वस्तू कुलपात ठेवायला सांगायच्या, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊनच त्यांना घरी पाठवायचे. तत्काळ धोका वाटत असेल तर घरी न पाठवता सरळ रुग्णालयात न्यायचे. पालक रागावणारे असतील आणि त्या रागाने धोका वाढेल अशी शंका असेल, तर मुलाला विचारून घरातले दुसरे विश्वासाचे माणूस बोलवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल आले की नाही हे पाहण्याची जबाबदारी एका नावावर असावी.

प्रश्नावल्यांबद्दल सावध करणे भाग आहे. पीएचक्यू-९ ही गेल्या दोन आठवड्यांतल्या नैराश्याच्या लक्षणांबद्दलची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. किशोरांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. एसडीक्यू २५ विधानांची असून तिच्यात भावना, वर्तन, चंचलता, समवयस्कांशी संबंध आणि मदतीची वृत्ती असे पाच भाग येतात. दोन्ही उपयोगाच्या, पण पूर्ण वर्गाला वाटण्याआधी पुढची सोय हवी. पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. शुक्रवारी दुपारी कागद भरून घेतले, गठ्ठा कपाटात ठेवला आणि सोमवारी उघडला, तर मधले दोन दिवस एखाद्या मुलाने मदत मागूनही ती त्याला मिळालेली नसते. ज्या दिवशी भराल त्याच दिवशी वाचा. आणि वाचायला माणूस नसेल तर भरूच नका. शिवाय ही चाळणी आहे. निदान तज्ज्ञच करतात. गुण जास्त आले म्हणून मुलाच्या नोंदीत ‘नैराश्य’ लिहिणे चूक आहे.

विषयशिक्षकांना आजाराचे नाव कळायची गरज नसते, सोय काय करायची ते कळायला हवे. ‘तोंडी उत्तरासाठी अचानक उभे करू नये, आदल्या दिवशी प्रश्न सांगावा, गृहपाठ निम्मा, चाचणीला २५ टक्के जादा वेळ आणि दाराजवळची जागा’, एवढा कागद पुरतो. दर सहा आठवड्यांनी तो पुन्हा पाहावा.

परीक्षेच्या धास्तीवर शाळेला कमी कष्टात करता येण्यासारखे बरेच आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटे आपल्या धास्तीबद्दल मोकळेपणाने लिहायला दिले, तेव्हा धास्तावलेल्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. कागद मुलाने स्वतःच फाडून टाकायचा. तो कोणी वाचायचा नाही. प्रत्येक मुलाला याचा सारखाच फायदा होईल असे नाही, पण करून बघायला हरकत नसावी. सराव चाचणी घड्याळ लावून, त्याच खोलीत, त्याच शांततेत घ्या, म्हणजे परीक्षेचे वातावरण ओळखीचे होते. गुण मोठ्याने वाचून दाखवणे बंद करा. उत्तरपत्रिका पालथी हातात द्या. आणि घसरलेल्या मुलाला खेळातून काढू नका. पुष्कळ मुलांसाठी मैदान हाच शाळेत यायचा उरलेला एकमेव धागा असतो.

समित्यांना बहुधा एखादे मोठे व्याख्यान ठेवणे सोपे वाटते. सभागृहातल्या एका भाषणाने टाळ्या मिळतात, त्यापलीकडे आम्ही फारसे काही होताना पाहिलेले नाही. कार्यक्रम चालतात, पण कोणता आणि कोणाच्या हातून, यावर बरेच ठरते. तब्बल २१३ शालेय कार्यक्रमांचा २०११ साली एकत्र आढावा घेतला गेला. भावना ओळखणे, राग आवरणे, भांडण सोडवणे अशी कौशल्ये नियमित शिकवलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरी इतरांपेक्षा सरासरी ११ शतमानांनी (शंभर मुलांच्या क्रमवारीत ११ स्थानांनी) वर होती. याउलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली निष्कर्ष आलेल्या प्रयोगात, शिक्षकांनी सरसकट सगळ्या वर्गाला दिलेले सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. बिहारमधल्या शाळांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातली गोष्ट समित्यांनी खास लक्षात घ्यावी : तोच कार्यक्रम प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी राबवला तेव्हा शाळेतले वातावरण आणि मुलांचे नैराश्य यांत सुधारणा झाली, शिक्षकांवर सोपवला तेव्हा झाली नाही. हे समुपदेशक मानसशास्त्रातले पदवीधर तज्ज्ञ नव्हते. वर्ग सांभाळून शिक्षकाने हेही करावे, या अपेक्षेचे काय होते ते यातून दिसते. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक सुचवते. तेवढे जमणार नसले, तरी दुसरे कोणतेही काम नसलेला एक प्रशिक्षित माणूस ठेवा. प्रवेशाचे अर्ज आणि सहलीचे हिशेब त्याच्याकडे देऊ नका.

या सत्रात एकच गोष्ट करायची असेल, तर ती तीस मिनिटांची साप्ताहिक बैठक वेळापत्रकात छापा. त्या तासाला संबंधित वर्गशिक्षक मोकळे हवेत, आणि कोणी रजेवर असले तरी बदली तासासाठी त्यांना बोलावू नये असा लेखी आदेश हवा. दोनदा बदली तास लागला, की तिसऱ्या आठवड्यापासून बैठकीला कोणी येत नाही.

आपले,
शाळांमध्ये काम करणारे समुपदेशक